आधी माळरान, शेवटी विमान: इंदूरच्या नवशिक्यांसाठी रेडिओ-नियंत्रित विमानाच्या तयारीची यादी

रेडिओने चालणारे छोटे विमान उडवायला शिकू इच्छिणारा माणूस बहुधा विमान विकत घेण्यापासून सुरुवात करतो आणि ते कुठे, कोणाबरोबर, कोणत्या हवेत उडवायचे याचा विचार खोके घरी आल्यावर करतो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. प्रथम जागा, मग परवानगी, मग संगणकावरचा सराव, मग सोबतीला जाणता माणूस आणि सर्वांत शेवटी विमान. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा वस्त्यांतील मराठी घरांत शाळकरी मुलांपासून निवृत्त काकांपर्यंत अनेकांना या छंदाची ओढ वाटते. त्यांच्यासाठी ही तयारी लिहिली आहे.

जागेचा विचार करताना इंदूरच्या नकाशात प्रथम देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शोधावा. तो शहराच्या पश्चिम अंगाला आणि वस्तीच्या इतका जवळ आहे की जुन्या इंदुराचा मोठा भाग त्याच्या ८ किलोमीटरच्या परिघात येतो. ड्रोन नियम, २०२१ हे मानवरहित विमानांना लागू आहेत आणि करमणुकीसाठी किंवा शिक्षणासाठी उडवलेले, नजरेच्या टप्प्यात राहणारे, २५ किलोपर्यंतचे मॉडेल विमानही त्यांच्याच कक्षेत येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा पट्टा असतो आणि तेथे हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परवानगीवाचून काहीही उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या दरम्यान ६० मीटर उंचीपर्यंत, आणि त्यापलीकडे लाल (उड्डाणबंदीच्या) किंवा पिवळ्या पट्ट्यात नसलेल्या भागात १२० मीटरपर्यंत हिरवा, म्हणजे उड्डाणासाठी मोकळा, पट्टा समजला जातो. याचा व्यवहारातला अर्थ असा की घराजवळचे मैदान कितीही मोकळे दिसले तरी ते मनातून काढून टाकावे आणि बायपास ओलांडून कनाडिया, खुडैलच्या बाजूला पूर्वेकडे जागा शोधावी. नैर्ऋत्येला महूची लष्करी छावणी आहे, त्यामुळे त्या दिशेला जाण्याचा विचार नकाशा तपासल्याशिवाय करूच नये.

या पट्ट्यांचा नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन व्यवस्थेवर पाहायला मिळतो. तो एकदाच पाहून भागत नाही. प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी पाहावा, कारण पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या आदेशाने एखादा भाग कमाल ९६ तासांसाठी तात्पुरता लाल ठरवला जाऊ शकतो, आणि मोठ्या व्यक्तींचे दौरे किंवा मोठे उत्सव असले की असे आदेश निघण्याची शक्यता असते. मॉडेल विमानाला प्रकार-प्रमाणपत्राची (विमानाच्या नमुन्याला मिळणाऱ्या सरकारी मान्यतेची) अट नाही आणि २ किलोपर्यंतचे विमान व्यवसायासाठी न उडवणाऱ्याला दूरवैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र नोंदणी आणि ओळख क्रमांकाच्या चालू अटी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचून पूर्ण कराव्यात. दुकानदाराच्या सांगण्यावर विसंबून राहू नये.

नकाशात जागा बसली की ती पायी फिरून पाहावी. नवशिक्याला साधारण १५० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद इतके सलग मोकळे क्षेत्र हवे, आणि त्याच्या भोवतीही घरे, रस्ता किंवा उच्चदाबाच्या तारा नसाव्यात. माळव्याच्या शेतात ट्यूबवेलच्या खोल्या, तारेची कुंपणे आणि वाट सोडून चरणारी गुरे असतात. त्या सगळ्यांची जागा मनात पक्की करून घ्यावी. शेत ज्याचे आहे त्याला प्रत्यक्ष भेटून विचारावे, काय करणार आहोत ते दाखवावे आणि कापणीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत आपण होऊन दूर राहावे. सोयाबीन निघाल्यावर रान थोडेच दिवस रिकामे राहते, कारण दिवाळीच्या सुमारास गहू-हरभऱ्याची पेरणी सुरू होते. म्हणून पिकाखाली नसलेला चराऊ माळ मिळाला तर तो अधिक उपयोगी. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाल्यावर पुन्हा भरपूर मोकळी जागा मिळते, पण तेव्हा उन्हाळी वारे सुरू झालेले असतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यात लहान चाके अडकतात आणि विमान नाकावर उलटते. त्यामुळे आपल्याकडच्या नवशिक्याने चाके काढून टाकून, हातातून सोडता येणारे आणि गवतावर पोटावर उतरणारे विमान निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

हवेबद्दल माळव्याची एक बाजू फार चांगली आहे. हिवाळ्यातील सकाळ बहुधा शांत असते, आणि धुके विरल्यापासून साधारण दहा वाजेपर्यंतचा वेळ शिकण्यासाठी उत्तम. वारा ताशी १० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर पहिली उड्डाणे पुढे ढकलावीत. हिवाळ्याची सकाळ निवडण्याला आणखी एक कारण हवेच्या घनतेचे आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. थंडीच्या पहाटे येथील हवा समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा जेमतेम ५ टक्के विरळ असते, पण मे महिन्याच्या दुपारी तापमान ४२ अंशांवर गेले की ती जवळजवळ सातव्या भागाने विरळ होते. तेव्हा प्रॉपेलरची ओढ घटते आणि विमान हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग प्रमाण हवेतल्यापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी जास्त होतो, म्हणजे ज्या संथ वेगाने उतरण्याची सवय लागली आहे त्याच वेगाला पंख अचानक आधार सोडू शकतो. संक्रांतीच्या आसपास तर वस्तीच्या जवळपास उडवूच नये. पतंगाचा मांजा प्रॉपेलरमध्ये गेला तर मोटार जागीच थांबते. आकाशात घारी फिरत असतील तर त्या निघून जाईपर्यंत थांबावे.

जागा ठरत असतानाच घरी सराव सुरू करावा, आणि त्यासाठी पहिली खरेदी विमानाची नसून ट्रान्समीटरची, म्हणजे हातात धरायच्या रेडिओ-नियंत्रकाची, असावी. किमान सहा चॅनेलचा (एका चॅनेलवर विमानाचा एक भाग चालतो), २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा ट्रान्समीटर घ्यावा. भारतात नवशिक्यांच्या हातात फ्लायस्काय कंपनीचा एफएस-आय६ बराच दिसतो आणि तो पुढे अनेक विमानांना पुरतो. डाव्या काठीवर थ्रॉटल (मोटारीचा जोर) आणि रडर (शेपटीची उभी पट्टी), उजव्या काठीवर एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) आणि एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) ही मांडणी ‘मोड २’ म्हणून ओळखली जाते. आपल्याला शिकवणारा ज्या मोडवर उडवतो तोच घ्यावा, नाहीतर अडचणीच्या क्षणी त्याला आपला ट्रान्समीटर हातात घेऊन काही करता येणार नाही. हाच ट्रान्समीटर तारेने संगणकाला जोडून सिम्युलेटरवर सराव करता येतो. रिअलफ्लाइट विकत मिळतो, पिकासिम विनामूल्य आहे.

या सरावाचा मुख्य हेतू दिशेची जाण पक्की करणे हा आहे. विमान आपल्यापासून दूर जात असते तेव्हा डावे-उजवे सरळ असते, पण ते आपल्याकडे वळले की काठी उजवीकडे नेल्यावर विमान आपल्या डावीकडे कलते, आणि नवशिक्यांची बहुतेक विमाने इथेच पडतात. यावर एक जुना आणि खात्रीचा उपाय आहे: विमान समोरून येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल त्या पंखाच्या बाजूला काठी न्यावी, जणू पडणाऱ्या पंखाला खालून टेकू देत आहोत. हे विचार न करता हातातून घडू लागेपर्यंत खऱ्या मैदानावर जाऊ नये. रोज अर्धा तास, काही आठवडे, असा नियमित सराव एखाद्या रविवारी सलग सहा तास बसण्यापेक्षा अधिक कामाचा असतो.

आता विमान. पंख धडाच्या वर असलेले, पंखांची टोके किंचित वर उचललेली, १.२ ते १.४ मीटर पंखविस्ताराचे, एक किलोच्या आसपासचे, लवचिक ईपीओ किंवा ईपीपी फोमचे शिकाऊ विमान निवडावे. लढाऊ विमानांच्या आकर्षक प्रतिकृती दुकानात खुणावतात, पण त्या वेगाने उडतात आणि हात सोडला तर स्वतः सरळ होत नाहीत. वर सांगितलेल्या रचनेचे विमान काठ्या मधोमध सोडल्या की बहुधा आपले आपण सावरते. परदेशातून तयार ड्रोन आणण्यावर फेब्रुवारी २०२२पासून बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. म्हणून परदेशी संकेतस्थळांच्या नादी न लागता देशातील विक्रेत्यांकडून सामान घ्यावे. स्वतः बांधायचे असेल तर दोन्ही बाजूंनी कागद लावलेला हलका फोमबोर्ड हवा. शहरातील फलक बनवणाऱ्यांकडे मिळणारा सनबोर्ड दिसायला तसाच असला तरी तो पीव्हीसीचा असून बराच जड असतो, आणि त्याचे विमान नवशिक्याच्या हाती चालत नाही. पंखाच्या वरच्या बाजूला भडक आणि खालच्या बाजूला गडद रंग द्यावा; हिवाळ्यातील पांढुरक्या आकाशावर गडद पोटच लांबून ओळखू येते.

बॅटरीबाबत कोणतीही सूट घेऊ नये. अशा विमानाला बहुधा तीन सेलची, ११.१ व्होल्टची, २२०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी लागते. ती पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर असतो. वापरानंतर तो ३.५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये आणि काही दिवस ठेवून द्यायची असेल तर सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी. सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच वापरावा, २.२ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देऊ नये, बॅटरी फरशीवर किंवा कुंडीच्या मातीच्या ताटलीत ठेवून भरावी, शेजारी वाळूची बादली असावी आणि ती भरत असताना घराबाहेर पडू नये. फुगलेली बॅटरी थोडीच फुगली आहे म्हणून वापरत राहणे धोक्याचे आहे. उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवणे तर माळव्याच्या उन्हाळ्यात आगीला आमंत्रणच होय.

घरच्या मेजावरची तपासणी प्रॉपेलर काढूनच करावी. प्रथम ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल शून्यावर, मग विमानाची बॅटरी. बंद करताना आधी विमान, मग ट्रान्समीटर. विमानाच्या मागे उभे राहून काठी उजवीकडे न्यावी: उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली गेला पाहिजे. काठी आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर, रडर उजवीकडे दिला की त्याची मागची कड उजवीकडे. ही तपासणी मोठ्याने बोलून करावी आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी करावी, कारण उलटे जोडलेले एलेरॉन जमिनीवर निरुपद्रवी दिसतात आणि हवेत दोन सेकंदांत विमान संपवतात. ट्रान्समीटर बंद झाला तर मोटार थांबेल असे फेलसेफ लावून, ते खरोखर घडते का हेही बघावे. गुरुत्वमध्य उत्पादकाने सांगितलेल्या खुणेवर असावा. साधारणपणे तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर येतो, म्हणजे २० सेंटिमीटर रुंद पंखात ५ ते ६ सेंटिमीटरवर. तेथे दोन बोटांवर विमान तोलून ते किंचित नाकाकडे झुकले तर चालेल, शेपटीकडे झुकले तर मुळीच नाही. बॅटरी पुढे सरकवून ते दुरुस्त करावे.

सोबतच्या पेटीत जादा प्रॉपेलर, फोमला चालणारा सायनो (झटपट चिकटणारा) गोंद, फायबरचा चिकटपट्टा, स्क्रू-ड्रायव्हर, केबल टाय, सेलचे व्होल्ट दाखवणारा मापक आणि प्रथमोपचाराचे सामान असावे. यातले बरेचसे सियागंजच्या दुकानांत मिळते. टोपी आणि पाणी विसरू नये. ओढणी किंवा मफलर बांधून ठेवावा.

जाणत्या माणसाचा शोध शहरातच करता येतो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत मॉडेल विमानांचे प्रशिक्षण असते आणि अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी स्पर्धांसाठी विमाने बांधतात. त्यांना नम्रपणे विचारले तर ते बहुधा आनंदाने येतात. मूल लहान असेल तर आई-वडिलांपैकी एकाने मैदानावर थांबावे आणि आकाशात, वाटेवर कोण येत आहे एवढेच पाहण्याचे काम करावे.

पहिल्या दिवशी ट्रान्समीटर कमी शक्तीच्या चाचणी अवस्थेत ठेवून सुमारे ३० मीटर दूर चालत जावे आणि सगळे सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी) विनाअडथळा हलतात याची खात्री करावी. ऊन पाठीशी घ्यावे. विमान वाऱ्याच्या तोंडावर, सोबत्याच्या हातून, नाक आडवे ठेवून सोडावे आणि पहिले उड्डाण शिकवणाऱ्यानेच करून ट्रिम, म्हणजे काठ्या सोडल्यावर विमान सरळ जावे अशी बारीक जुळणी, करून द्यावी. ३० ते ४० मीटर उंचीवर गेल्यावरच काठ्या नवशिक्याच्या हाती याव्यात, आणि त्याने आपल्या समोरच्या बाजूलाच, १५० मीटरच्या आत, रुंद आयताकार फेऱ्या माराव्यात. डोक्यावरून किंवा पाठीमागे विमान नेऊ नये. २२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीचा पाचातला चारच हिस्सा वापरायचा आणि सरासरी प्रवाह १५ अँपिअर धरला तर सात मिनिटे मिळतात. म्हणून घड्याळ पाच मिनिटांवर लावावे, म्हणजे उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला तरी पुन्हा फेरी मारण्याइतकी शक्ती उरते. विमान उतरल्यावर आधी बॅटरी सोडवावी, मगच जवळ जमलेल्या मुलांना ते पाहू द्यावे. घरी आल्यावर प्रॉपेलरला चीर गेली आहे का, मोटारीचे आणि बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत का हे तपासून, प्रत्येक सेल साठवणीच्या ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा आणि पुढच्या रविवारसाठी शेतमालकाला निरोप द्यावा.