गॅरेज वाढवायचंय? आधी टेप धरा, मग गवंडी बोलवा

आमचं गॅरेज बाबांनी मारुती 800 साठी बांधलेलं. आठ बाय चौदा फूट, बंगल्यापासून सुटं, मागच्या कोपऱ्यात. त्या गाडीला ते ऐसपैस व्हायचं. आता दारात अर्टिगा आहे, साडेचौदा फुटाला इंचभर कमी, म्हणजे मागच्या भिंतीला टेकवली तरी पाच इंच बाहेर राहते आणि शटर बंपरवर येऊन थांबतं. गवंडी म्हणाला, साहेब चार फूट पुढं घेऊ, आठ दिवसात काम उरकतो, परवानगी कशाला काढताय, सगळेच असंच करतात. आमच्या सोलापुरात जुळे सोलापूर असो की होटगी रोड, खरंच बरेच जण असंच करतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी घराचा मंजूर नकाशा शोधा. बहुतेक घरात तो खरेदीखताच्या फायलीत असतो, निळी ब्लू प्रिंट, घडीवर फाटलेली. त्यावर गॅरेज दाखवलंय का ते बघा. आमच्या नकाशावर त्या कोपऱ्यात नुसती मोकळी जागा निघाली! म्हणजे मी वाढवायला निघालो होतो ते गॅरेजच कागदावर नव्हतं. असं असेल तर घाबरू नका पण लपवूही नका, नियमात बसत असेल तर आहे ते बांधकाम कायम ठेवायची परवानगी महापालिकेकडं मागता येते, जादा पैसे भरावे लागतात. वाढीव भाग आणि जुना भाग एकाच नकाशात दाखवून एकदाच अर्ज करा, दोनदा फेऱ्या नकोत.

दुसरं म्हणजे मार्जिन, सरकारी भाषेत सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि बांधकाम यांच्यात सोडायची मोकळी जागा. अर्ज अडतो तो बहुतेक इथंच. मोजायचं प्लॉटच्या हद्दीपासून, कंपाउंडच्या भिंतीपासून नाही, कारण जुनी कंपाउंड वॉल कितीदा अर्धा फूट इकडं नाहीतर तिकडं असते. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या. वेळ जातो, पण शेजाऱ्याशी कायमची भांडणं त्यापेक्षा महाग. आता नियम 2020 च्या यूडीसीपीआरचे, म्हणजे राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचे. त्यात स्वतंत्र बंगल्याच्या मागच्या कोपऱ्यात 2.4 मीटरपेक्षा उंच नसलेलं बंद गॅरेज चालतं, आणि एका गाडीची जागा धरतात 2.5 बाय 5 मीटर. आमची आठ फूट रुंदी त्यातही थोडी कमीच भरते. पुढं वाढवताना रस्त्याकडच्या मार्जिनमध्ये आणि घराच्या वाटेत येऊ नका, आणि उंची वाढवून वर माळा काढायचा विचार सोडूनच द्या.

पत्र्याचं शेड टाकलं की परवानगी लागत नाही असं चहाच्या टपरीवर सगळे सांगतात. लोखंडी खांब काँक्रीटमध्ये गाडून वर पत्रा मारला तर ते बांधकामच धरलं जातं, बोल्टने कसलंय म्हणून तात्पुरतं होत नाही.

मग लायसन्सवाला इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट गाठा. अर्ज ऑनलाइन जातो आणि तो तेच लोक भरतात. तुमच्याकडून लागतं ते मालकीचा उतारा (सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा), एनए (बिगरशेती) आणि लेआउटची मंजुरी, जुना मंजूर नकाशा, चालू टॅक्स पावती, सोसायटीचा प्लॉट असेल तर सोसायटीचं ना हरकत. गुंठेवारीचा (मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेला) प्लॉट असेल तर आधी तो नियमित झालाय का बघा, नाहीतर पुढचं सगळं तिथंच अडकतं. प्लॉट 150 चौरस मीटरपर्यंत असेल तर काम सोपं आहे, नियमात बसणारा नकाशा देऊन पैसे भरले की पावतीच परवानगी धरतात. मोठ्या प्लॉटला रीतसर मंजुरी. कायद्यात 60 दिवसात उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद आहे, पण ती नियमात बसणाऱ्या कामालाच, त्या भरवशावर पाया खणू नका. विकास शुल्क भरावं लागतं. एक टक्का कामगार उपकरही मागतात, पण स्वतः राहायच्या घराचं काम पन्नास लाखांच्या आतलं असेल तर तो लागत नाही (2025 पर्यंत ही मर्यादा दहा लाख होती), हे इंजिनिअरला आठवण करून द्या.

आता हौद. आपल्याकडं पाणी काही दिवसांआड येतं म्हणून अंगणाखाली हौद असतोच, आणि तो नकाशात बरोबर कुठंय ते कुणालाच माहीत नसतं. आम्ही चुन्यानं आखणी केली तेव्हा पुढचा एक कॉलम थेट हौदाच्या कडेवर येत होता. झाकण उघडून टेप आत सोडून मोजलं, कॉलम दोन फूट सरकवला, आणि तोच बदल नकाशात घेऊन मगच फाईल पाठवली. आधी परवानगी घेऊन नंतर कॉलम सरकवला असता तर सुधारित नकाशाची आणखी एक फेरी लागली असती. आणि आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात फुगते, म्हणून खाली मुरूम ठोकून घ्या नाहीतर नव्या-जुन्या भिंतीच्या सांध्यात पहिल्याच वर्षी चीर पडते.

जोत्यापर्यंत काम आलं की थांबा, जोता तपासणी करून घ्या आणि मगच भिंती चढवा. परवानगी एक वर्षाची असते, मुदतवाढ मिळते. काम संपलं की पूर्णत्वाचा दाखला घ्या, मिळकत कराला वाढीव भाग स्वतः जाऊन लावा. विनापरवाना सापडलं तर कायद्याने कराच्या दुप्पट शास्ती दरवर्षी लागू शकते आणि पाडायची नोटीस वेगळी. हो, आणि गॅरेजमध्ये पुढं शिलाई मशिनी टाकायच्या किंवा किराणा काढायचा असेल तर तो वापरबदल, त्याला वेगळा अर्ज.

आमची फाईल सध्या मंजुरीला आहे. तोवर गाडी बाहेर, वर ताडपत्री, आणि शेजारची मांजर बॉनेटवर.