तारखेतले दोन अंक: क्लिपरच्या जुन्या कामातून

१९९८ साली एका पतसंस्थेचा ठेवींचा प्रोग्रॅम माझ्याकडे आला. क्लिपर या डॉसच्या काळातल्या डेटाबेस प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला. दोन वर्षांच्या ठेवींची मुदत तेव्हा २००० सालात जाऊ लागली होती आणि काही पावत्यांवरचं व्याज उणे दिसत होतं. सगळ्या नाही, काहीच. मला छळलं ते या ‘काही’नीच.

क्लिपर डेटा ठेवतो त्या डीबीएफ फाइलमध्ये तारीख आठ अक्षरांत साठते, वर्षाचे चारही अंक त्यात असतात. त्यामुळे प्रोग्रॅमने स्वतः मोजलेली मुदत बरोबर होती. स्क्रीनवर मात्र १२/०३/०० एवढंच दिसायचं. कारकुनाने त्यात दिवस जरी बदलला, तरी क्लिपर ती तारीख नव्याने वाचायचा, ०० म्हणजे १९०० धरायचा आणि तसंच फाइलमध्ये लिहायचा. हात लागलेल्या पावत्याच बिघडल्या होत्या. म्हणून सांगतो, कोडला हात लावण्याआधी फाइल उघडा आणि रकान्यात खरोखर काय आहे ते बघा.

मी आधी ‘सेट एपॉक टू १९५०’ ही ओळ घातली. मग ०० ते ४९ ही वर्षं २००० नंतरची आणि ५० ते ९९ ही १९०० मधली धरली गेली. ठेवींचं भागलं. पण १९२१ साली जन्मलेले सभासद २०२१ मध्ये जाऊन बसले! मुदत पुढच्या काळात असते, जन्म मागच्या. दोन्हींना एकच सीमा कशी पुरेल? शेवटी ‘सेट सेंच्युरी ऑन’ करून चारही अंक टाइप करायला लावले. खरा वेळ खाल्ला तो छपाईने. तारीख दोन घरं रुंद झाली आणि छापील पावतीवर रक्कम चौकटीबाहेर पडू लागली.

तपासणीसाठी घड्याळ पुढे करायचं तर वेगळ्या मशिनवर, डेटाची प्रत घेऊनच. २९ फेब्रुवारी २००० आवर्जून तपासली, कारण शतकाचं वर्ष लीप नसतं हा अर्धाच नियम अनेकांना पाठ असतो; ४०० ने भाग गेला तर ते लीपच.

आज असा डेटा एक्सेलमध्ये नेणार असाल, तर तिथली सीमा सहसा २९ वर असते: ‘२९’ म्हणजे २०२९, ‘३०’ म्हणजे १९३०. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, काढतानाच वर्ष चार अंकी लिहा. आणि काम झालं की सगळ्यात वयस्कर सभासदाची नोंद उघडून जन्मसाल वाचा.