वेब सेवेत डेटाबेस कॉन्टेक्स्ट पुरवताना

एएसपी डॉट नेट कोअर या मायक्रोसॉफ्टच्या वेब फ्रेमवर्कवरील सेवेत एंटिटी फ्रेमवर्क कोअर (डेटाबेसमधील नोंदी ऑब्जेक्ट म्हणून हाताळणारी लायब्ररी) वापरताना कंट्रोलरमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या क्लासमध्ये) ‘न्यू’ लिहून डीबीकॉन्टेक्स्ट, म्हणजे डेटाबेसशी संवाद साधणारा ऑब्जेक्ट, तयार करू नये. तो कन्स्ट्रक्टरमध्ये मागावा आणि पुरवण्याचे काम डिपेंडन्सी इंजेक्शनच्या कंटेनरवर, म्हणजे क्लासला लागणारे ऑब्जेक्ट बनवून देणाऱ्या यंत्रणेवर, सोपवावे.

नोंदणी सोपी आहे. आपल्या कॉन्टेक्स्ट क्लासच्या कन्स्ट्रक्टरने डीबीकॉन्टेक्स्टऑप्शन्स स्वीकारून ते बेस क्लासकडे पाठवावेत आणि प्रोग्रॅम फाइलमध्ये अ‍ॅडडीबीकॉन्टेक्स्ट ही मेथड वापरून प्रोव्हायडर (कोणत्या प्रकारचा डेटाबेस ते) व कनेक्शन स्ट्रिंग (त्याला जोडण्याचा तपशील) द्यावी. पासवर्ड अर्थातच सोर्स कोडमध्ये ठेवू नये.

खरा प्रश्न आयुर्मर्यादेचा आहे. अशी नोंदणी मुळात ‘स्कोप्ड’ असते, म्हणजे एका रिक्वेस्टमध्ये ज्या ज्या क्लासने कॉन्टेक्स्ट मागितला, त्या सर्वांना तोच ऑब्जेक्ट मिळतो आणि त्यामुळे वेगवेगळ्या सेवांनी केलेले बदल एकाच सेव्हचेंजेसने, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, डेटाबेसमध्ये जातात. रिक्वेस्ट संपली की कंटेनरच त्याची विल्हेवाट लावतो, म्हणून मिळालेल्या कॉन्टेक्स्टभोवती ‘यूझिंग’ (काम संपताच ऑब्जेक्ट बंद करणारी रचना) घालू नये. तसेच तो थ्रेड-सेफ नाही, म्हणजे एकाच वेळी अनेक कामांसाठी वापरणे सुरक्षित नाही. अनेक कामे एकत्र चालवणाऱ्या टास्क डॉट व्हेनऑलमध्ये एकाच कॉन्टेक्स्टवर दोन क्वेरी समांतर चालवू नयेत.

‘सिंगलटन’ सेवेच्या (अ‍ॅप्लिकेशनभर एकच ऑब्जेक्ट असलेल्या सेवेच्या) कन्स्ट्रक्टरमध्ये कॉन्टेक्स्ट मागणे ही सर्वांत फसवी चूक. डेव्हलपमेंट वातावरणात स्कोपची तपासणी सुरू असल्याने एक्सेप्शन येते, पण प्रॉडक्शनमध्ये ती मुळात बंद असते. तिथे एकच कॉन्टेक्स्ट अ‍ॅप्लिकेशन बंद होईपर्यंत जिवंत राहतो, ट्रॅक केलेल्या एंटिटी (डेटाबेसमधून वाचलेल्या नोंदींचे ऑब्जेक्ट) मेमरीत साठवत जातो आणि जुनाट माहिती देऊ लागतो. पार्श्वभूमीत काम करणाऱ्या बॅकग्राउंडसर्व्हिसला हाच धोका आहे, कारण होस्टेड सेवा सिंगलटन असतात. तिथे आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरी मागून कामाच्या प्रत्येक फेरीसाठी नवा स्कोप उघडावा व फेरी संपताच बंद करावा. दुसरा मार्ग अ‍ॅडडीबीकॉन्टेक्स्टफॅक्टरीचा: फॅक्टरीकडून हवा तेव्हा कॉन्टेक्स्ट घेता येतो, मात्र तो बंद करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते, त्यामुळे इथे ‘यूझिंग’ आवश्यकच आहे. ब्लेझर सर्व्हर या वेब यूआय फ्रेमवर्कमध्ये स्कोप रिक्वेस्टपुरता नसून वापरकर्त्याच्या सर्किटइतका (सर्व्हरशी चालू असलेल्या जोडणीइतका) दीर्घ असतो, म्हणून तिथेही फॅक्टरीच बरी.

अ‍ॅडडीबीकॉन्टेक्स्टपूल वापरल्यास कॉन्टेक्स्टचे ऑब्जेक्ट एका साठ्यात (पूलमध्ये) ठेवून पुन्हा वापरले जातात आणि एंटिटी फ्रेमवर्क कोअर 6 पासून पूलची मर्यादा मुळात 1024 आहे. मात्र आपण स्वतः जोडलेली फील्ड पूल पुसत नाही. एका ग्राहकसंस्थेचा आयडी अशा फील्डमध्ये राहून गेला, तर पुढच्या रिक्वेस्टला भलत्याच संस्थेच्या नोंदी दिसू शकतात. मोजमापात फायदा दिसल्याशिवाय पूलच्या वाटेला जाऊ नये.