बेळगावात हिमालयाचं ऑर्किड

सिलॉजिनी क्रिस्टाटा मूळची हिमालयातली, दीड-दोन हजार मीटर उंचीवरची. आपलं बेळगाव साडेसातशेच्या आसपास. म्हणून ती इथं जगते, पण रुसून. तो रुसवा काढायचे दिवस म्हणजे दिवाळी ते महाशिवरात्र.

तेव्हा कुंडी पूर्वेच्या कठड्यावर उघडी ठेवा. रात्रीचा गारवा लागल्याशिवाय ती कळी धरत नाही. पाणी जवळपास बंद, आठवड्यातून एखादा फवारा. कंद सुकत चाललेल्या आवळ्यासारखे सुरकुततात, तरी हात आवरा. आमच्या सासूबाईंना दया आली आणि त्यांनी रोज तांब्याभर पाणी घातलं. त्या वर्षी पानं भरपूर, फूल एक नाही!

पसरट कुंडीत तळाला फुटक्या कौलाचे तुकडे, वर पाइनची साल आणि कोळसा. माती नकोच. उगाच कुंडी बदलू नका, मुळं दुखावली की ती फुलायचंच सोडते. काठाबाहेर लोंबली तर लोंबू दे.

आषाढात ओसरीच्या पत्र्याखाली घ्या, वारा मात्र खेळता हवा. कोवळ्या पोंग्यात पाणी साचलं की तो काळा पडून हातात येतो. पंधरवड्याला पातळ खत द्या, पाकिटावरच्या प्रमाणाच्या पाव भाग.

सगळ्यात अवघड एप्रिल-मे. मी कुंडी न्हाणीमागच्या सावलीत ओल्या विटांवर ठेवते, भोवती भिजवलेलं गोणपाट. फुलं त्याआधीच, फेब्रुवारी-मार्चात येऊन जातात: पांढरीशुभ्र, ओठावर, म्हणजे खालच्या वेगळ्या पाकळीवर, पिवळे कंगोरे.