जर्मनीतल्या हालेनबाडला सहकुटुंब पहिल्यांदा जाताना

नोव्हेंबर ते मार्च मुलांना घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न जर्मनीत नव्याने आलेल्या प्रत्येक घराला पडतो. त्याचं सर्वात स्वस्त आणि चांगलं उत्तर म्हणजे हालेनबाड, म्हणजे नगरपालिकेचा छताखालचा पोहण्याचा तलाव. म्युनिकचं म्युलर्शेस फोल्क्सबाड तर 1901 पासून सुरू आहे, आणि ती इमारत पाहण्यासाठीसुद्धा एकदा जावं. तिथे अवघड काहीच नसतं. पण सगळं एका ठरलेल्या क्रमाने चालतं आणि तो क्रम कुणी समजावून सांगत नाही.

निघण्याआधी त्या दिवसाच्या वेळा नक्की पाहा. सकाळी बऱ्याचदा शाळांचे तास असतात, संध्याकाळी क्लबचा सराव, आणि तेवढा वेळ तलाव किंवा त्याचा काही भाग बंद राहतो. तिकीट अनेक ठिकाणी तासांवर असतं आणि त्यात कपडे बदलण्याचा वेळही मोजला जातो. दोन लहान मुलं बरोबर असतील तर दीड तासाचं तिकीट काढू नका. कपडे, अंघोळ, केस वाळवणं यातच निम्मा वेळ जातो आणि बाहेर पडताना वरचे पैसे भरावे लागतात. फामीलिएनकार्टं, म्हणजे कुटुंबाचं तिकीट, बहुतेक ठिकाणी मिळतं. ते मागून घ्या.

पिशवीत माणशी एक टॉवेल, पोहण्याचे कपडे, साबण-शॅम्पू, आणि फक्त तलावापुरत्या ठेवलेल्या रबरी चपला हव्यात. शिवाय 1 आणि 2 युरोची सुटी नाणी. कपडे ठेवायच्या कपाटाची किल्ली नाणं टाकल्याशिवाय फिरत नाही आणि तिकीट खिडकीवर रांग असेल तर सुटे मागायला पुन्हा मागे जावं लागतं. नाणं परत मिळतं. नवीन तलावांत नाण्याऐवजी मनगटावर बांधायचा चिपचा पट्टा देतात; तो हरवला तर दंड पडतो, म्हणून मुलांच्या हाती देऊ नका. मंगळसूत्र, बांगड्या, चेन घरीच ठेवलेली बरी.

कपड्यांच्या बाबतीत आपल्याकडच्यांची हमखास गफलत होते. सुती टी-शर्ट, सलवार किंवा लेगिंग घालून पाण्यात उतरू देत नाहीत. सुती कापड पाणी धरून जड होतं, त्याचे धागे गाळणीत जातात आणि कपड्यातला साबण पाण्यात उतरतो. पुरुषांनी पोहण्याच्या चड्डीच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, त्याचं कारणही हेच. अंग झाकून पोहायचं असेल तर पोहण्याच्याच कापडाचा लांब बाह्यांचा पोशाख घ्या. भारतातून आलेल्या सासूबाईंना नातवंडांबरोबर पाण्यात उतरायचं असेल तर तो त्यांनाही सोयीचा पडतो. मात्र त्या तलावाचे नियम आधी वाचा, सगळीकडे एकसारखे नसतात.

लंगोटातल्या बाळाला पोहण्याचा खास डायपर लागतो. साधा डायपर पाणी शोषून फुगतो, फाटतो आणि आतली जेल तलावात पसरते. खास डायपर फक्त शी अडवतो, शू नाही; म्हणून तो पाण्यात उतरायच्या अगदी आधी घाला.

आता आतला रस्ता. कपडे बदलण्याच्या खोल्यांना बहुधा समोरासमोर दोन दारं असतात. एका बाजूला बुटांची वाट, दुसऱ्या बाजूला अनवाणी वाट. बुटांच्या बाजूने आत जायचं, कपडे बदलायचे आणि दुसऱ्या दाराने अनवाणी किंवा तलावाच्या चपलांत बाहेर पडायचं. बाहेरचे बूट घालून ओल्या फरशीवर गेलात की पहिली हाक तुम्हालाच! काही खोल्यांत बाक खाली पाडला की दोन्ही दारं एकदम बंद होतात. कडी शोधत बसू नका, बाक पाडा. कुटुंबासाठी मोठी खोली असते, फामीलिएनउमक्लायडं अशी पाटी पाहा.

त्यानंतर येते डुशं, म्हणजे शॉवर, आणि इथेच बहुतेक जण अडखळतात. पुरुष आणि बायकांच्या डुशं वेगळ्या, पण आत आडोसा क्वचितच. पोशाख काढून, साबण लावून अंग धुवायचं, अशी पाटी असते आणि तसंच अपेक्षित असतं. लोक सहज उघडे उभे असतात, कुणी कुणाकडे पाहत नाही. फार संकोच वाटत असेल तर आडोशाची डुशं आहे का ते पाहा. नसेल तर पोशाखाच्या आतून का होईना, पण साबणाने नीट धुवा. नुसतं पाणी अंगावर घेऊन पळणं म्हणजे धुणं नव्हे. केसांना तेल लावलं असेल तर शॅम्पू करूनच उतरा. लहान मुलगी बाबांबरोबर किंवा लहान मुलगा आईबरोबर गेला तर कुणाला वावगं वाटत नाही.

या आग्रहामागचं कारण कळलं की संकोच बराच कमी होतो. जर्मन मानकाप्रमाणे तलावाच्या पाण्यात मोकळा, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेला, क्लोरीन लिटरमागे साधारण 0.3 ते 0.6 मिलिग्रॅम इतका थोडाच ठेवतात. घाम, तेल आणि मुलांची शू पाण्यात गेली की क्लोरीन त्यांच्याशी जोडला जातो, क्लोरामाइनं तयार होतात, आणि डोळे झोंबवणारा तो ‘क्लोरीनचा वास’ खरं तर त्यांचा असतो. म्हणून प्रत्येकाने धुऊन उतरायचं आणि मुलांना आधी शौचालयात न्यायचं. पोट बिघडलेल्या मुलाला त्या आठवड्यात आणूच नका.

तलाव साधारण तीन प्रकारचे असतात. प्लान्शबेकन बाळांसाठी, उथळ आणि कोमट. निश्टश्विमरबेकन न पोहणाऱ्यांसाठी, जास्तीत जास्त 1.35 मीटर खोल. श्विमरबेकन फक्त पोहता येणाऱ्यांसाठी. तिथे ज्यांना पोहता येत नाही त्यांनी कडेला धरून उभं राहण्याचा विचारही करू नये. या तलावाचं पाणी बहुधा 26 ते 28 अंश असतं आणि लहान मूल त्यात लवकर गारठतं. ओठ निळसर झाले की लगेच बाहेर काढा, पुसा, कोरडं करा. वार्मबाडेटाग म्हणजे पाणी जास्त गरम ठेवायचा दिवस; तो कोणता ते विचारून त्याच दिवशी बाळाला न्या.

विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना एक सांगणं: काठावरून मुटका किंवा सूर मारणं, परवानगी दिलेली जागा सोडून, चालत नाही. खाली कुणी असेल तर दोघांचीही मान मोडू शकते. लेनमध्ये उजवीकडून जायचं, उजवीकडूनच परतायचं, मध्येच थांबायचं नाही.

काठावर बाडेमाइस्टर, म्हणजे तलावाचा जीवरक्षक, बसलेला असतो म्हणून मुलं सुरक्षित आहेत, असं मानू नका. त्याची नजर शंभर जणांवर असते, तुमच्या मुलावर नाही. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, हात हलवत नाही, गुपचूप पाण्याखाली जातं. पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावरच हवं, दंडाला फुगे असले तरीही. फुगे वजनाप्रमाणे घ्या. पॅकेटवर किलोचा आकडा छापलेला असतो. मोठं होईल म्हणून एक माप वरचं घेतलं की ते निसटतात. कमरेभोवतीची रबरी चकती तर मुलाला उलटं करू शकते. दोन लहान मुलं आणि एकच मोठं माणूस असेल तर सरळ उथळ तलावात राहा. मोबाइल कपाटात; फोटो काढायलाही तिथे मनाई असते.

झेपफेर्टशन, म्हणजे ‘समुद्रघोडा’, हा मुलांचा पहिला बिल्ला. तो पोशाखावर शिवतात आणि मुलांना त्याचा फार अभिमान असतो. त्यासाठी काठावरून उडी मारून 25 मीटर पोहावं लागतं, खांद्याइतक्या खोल पाण्यातून वस्तू उचलावी लागते आणि पाण्याचे नियम ठाऊक असावे लागतात. पण हा बिल्ला मिळालेलं मूल अजून सुरक्षित पोहणारं नव्हे, हे जर्मन जीवरक्षक संघटना स्वतःच सांगतात. पोहता येतं असं धरतात ते कांस्य बिल्ल्यापासून: 15 मिनिटांत किमान 200 मीटर पोहणं आणि सुमारे 2 मीटर खोल बुडी मारून वस्तू वर आणणं, शिवाय उडी. वर्गांना मोठी प्रतीक्षा यादी असते, म्हणून मूल चारचं झालं की नाव घालून ठेवा. स्वतःला पोहता येत नसेल तर फोल्क्सहोखशूलं, म्हणजे गावोगावच्या प्रौढ शिक्षण केंद्रांचे, प्रौढांचे वर्ग शोधा. पन्नाशीतली माणसंही तिथे पहिल्यांदा पाण्यात तोंड घालतात.

सौना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, हा भाग वेगळ्या तिकिटाचा असतो, आणि तिथे पोशाख घालायला बंदी असते. फक्त टॉवेल अंगाखाली घ्यायचा. चुकून दार उघडलंत तर गोंधळू नका.

परत निघताना केस पूर्ण वाळवा, थंडीत ओल्या डोक्याने बसस्टॉपवर मुलांना उभं करू नका. केस वाळवायची यंत्रं भिंतीवर असतात. पोहून मुलांना सपाटून भूक लागते, पण तलावाजवळ खायला मनाई असते. खाऊचा डबा बाहेरच्या दालनात उघडा, नाहीतर तिथल्या कँटीनमध्ये पोमेस, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्या, मिळतातच. आणि कपाटातलं नाणं काढून घ्या.