एक्सपोर्ट करताना या चुका टाळा: फाइल चालत नाही, फुगते किंवा रंग उडतात तेव्हा

‘एमपीफोरच पाठवली होती, तरी तिकडे नुसता आवाज येतोय, पडदा काळा.’ ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यामागची चूकही नेहमीची: एक्स्टेंशन बघून फॉरमॅट कळला असं समजणं. एमपीफोर, एमओव्ही, एमकेव्ही हे नुसते डबे आहेत. आत चित्र कोणत्या कोडेकने, म्हणजे दाबून साठवण्याच्या कोणत्या पद्धतीने भरलंय, ते झाकणावरून कळत नाही. आत एच.२६४ असेल तर फाइल जवळपास कुठेही चालते. हे मानक २००३ पासून आहे. एच.२६५ किंवा एव्ही१ असेल तर तेवढ्याच दर्जाची फाइल लहान होते, पण जुन्या लॅपटॉपला किंवा टीव्हीला ती उलगडता येत नाही. व्हिडिओ कोण कशावर बघणार हे माहीत नसेल तर एमपीफोर, एच.२६४ आणि आवाजाला एएसी कोडेक निवडा आणि पुढे चला. एवढं करूनही अडलं तर एक्सपोर्ट चुकून १० बिट रंगखोलीत झालाय का ते बघा. एच.२६४ साठी ८ बिटच सुरक्षित. आत नेमकं काय आहे ते व्हीएलसी प्लेअरच्या टूल्स मेनूतल्या ‘कोडेक इन्फर्मेशन’मध्ये दिसतं.

एमकेव्हीचं नाव बदलून एमपीफोर केलं की काम झालं असं काहींना वाटतं. नावच बदलतं, बाकी काही नाही. उलट टोकाची चूक म्हणजे नुसता डबा बदलायचा असताना अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड करणं, म्हणजे नव्याने दाबणं. त्यात वेळही जातो आणि दर्जाही. आतला कोडेक चालणारा असेल तर रीमक्स करा, म्हणजे आतलं तसंच ठेवून फक्त डबा बदला: एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या मोफत साधनात ‘कॉपी’ पर्याय वापरला की काही सेकंदांत काम होतं आणि चित्राला धक्का लागत नाही.

फाइल अवाढव्य झाली

इथे बहुतेक जण रेझोल्यूशन कमी करायला धावतात. खरा हिशेब बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला लागणाऱ्या डेटाचा असतो: बिटरेट गुणिले वेळ. १० मेगाबिट प्रतिसेकंद दराने १० मिनिटांचा व्हिडिओ सुमारे ७५० एमबी होणार, मग तो १०८०पी असो की फोरके. आकाराची मर्यादा असेल तर उलटं गणित मांडून बिटरेट ठरवा. १०८०पीमध्ये शूट केलेलं फोरकेमध्ये एक्सपोर्ट करून नवा तपशील येत नाही, हेही जाता जाता. आणि पेनड्राइव्हवर मोठी फाइल कॉपीच होत नसेल तर एक्सपोर्टला दोष देऊ नका. ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या पुढची एकच फाइल त्यावर बसत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, अर्थात आतला डेटा आधी काढून घेऊन.

आवाज आणि ओठ हळूहळू सुटत जात असतील तर मूळ फाइल तपासा. फोन आणि स्क्रीन रेकॉर्डर बऱ्याचदा बदलत्या फ्रेमरेटने (सेकंदाला कधी कमी, कधी जास्त चित्रं) रेकॉर्ड करतात. हँडब्रेक या मोफत कन्व्हर्टरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल आधी सरळ करा, मग एडिटिंगला घ्या. एक्सपोर्टची सेटिंग्ज कितीही हलवली तरी हे सुटत नाही.

पारदर्शक लोगोच्या मागे काळं आलंय? एच.२६४ मध्ये पारदर्शकता नेता येत नाही. पुढे एडिटिंगला द्यायचा असेल तर प्रोरेस ४४४४ हा कोडेक, ब्राउझरमध्ये दाखवायचा असेल तर व्हीपी९ वापरलेली वेबएम. सफारीत मात्र आधी तपासून बघा.

चित्रांचं

स्क्रीनशॉट जेपेगमध्ये साठवला की अक्षरांभोवती मळकट कडा येते. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून बारीक तपशील टाकून देतो. फोटोत ते खपून जातं, काळ्या-पांढऱ्या ठळक कडेवर नाही. अक्षरं, आकृत्या, लोगो यांना पीएनजी. फोटो मात्र पीएनजीत ठेवून फाइल उगाच फुगवू नका. जेपेगची क्वालिटी १०० वर नेणंही बहुधा वायाच: ८५च्या आसपास डोळ्याला फरक क्वचितच दिसतो, फाइल मात्र बरीच लहान होते.

जेपेग उघडून, थोडं बदलून, पुन्हा जेपेग म्हणून सेव्ह करत राहिलात तर दरवेळी थोडं नुकसान होतं. एडिटिंगची मूळ फाइल वेगळी ठेवा आणि प्रत्येक एक्सपोर्ट तिच्यातूनच काढा. हे व्हिडिओ आणि ऑडिओलाही लागू आहे.

फोटो तुमच्याकडे रसरशीत आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर फिका? रंगांचं प्रोफाइल ॲडोबी आरजीबी राहिलं असणार. वेबसाठी ते एसआरजीबी या प्रोफाइलमध्ये बदलून घ्या. ‘७२ डीपीआय’ची (इंचामागे ७२ ठिपके) काळजी मात्र सोडा, स्क्रीनवर फक्त पिक्सेल मोजले जातात. डीपीआयचा प्रश्न छपाईत येतो: ए४ पान ३०० डीपीआयने छापायचं तर साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात.

आवाजाचं

एमपीथ्रीची वेव्ह (न दाबलेली ध्वनिफाइल) केली म्हणून गेलेला तपशील परत येत नाही, फक्त जागा खाल्ली जाते. ती किती, तर सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह मिनिटाला सुमारे १० एमबी. काहीही न गमावता जागा वाचवायची असेल तर फ्लॅक फॉरमॅट घ्या. व्हिडिओसोबत जाणारा आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. गेमसाठी किंवा ॲपसाठी सलग फिरणारी धून एमपीथ्रीत काढली तर जोडावर बारीकशी फट ऐकू येते, कारण एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडतो. ही फट संपादनात कापून जात नाही, पुढच्या एक्सपोर्टला ती पुन्हा येते. तिथे ऑग किंवा वेव्हच वापरा.