पॅनेलने पुसलेल्या ओळी: वेब सर्व्हरमधील आपला बदल टिकवण्याची रीत

दारव्हा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संकेतस्थळ मी सांभाळतो. त्यावरील कापसाच्या भावाचे पान ८०८० पोर्टवर चालणाऱ्या एका लहान प्रोग्राममधून येते आणि अपाचेने, म्हणजे पाने पुरवणाऱ्या वेब सर्व्हरने, विनंती तिकडे पाठवावी यासाठी मी ‘प्रॉक्सीपास’च्या दोन ओळी थेट त्याच्या एचटीटीपीडी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिल्या होत्या. दिवाळीनंतर वेचणीच्या भरात एका सकाळी ते पान उघडेनासे झाले. फाइल उघडून पाहिली, तर दोन्ही ओळी गायब होत्या. गाडी भरण्याआधी भाव पाहणाऱ्या माणसाचा त्या दिवशी खोळंबा झाला, ही गोष्ट मला फार लागली.

सीपॅनेल किंवा प्लेस्कसारखे पॅनेल, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळण्याचे साधन, ही फाइल दुरुस्त करत नाही, तर स्वतःजवळच्या नोंदींवरून ती संपूर्ण नव्याने तयार करते. सातबाऱ्याच्या छापील प्रतीवर पेनाने पीक बदलले तरी पुढची प्रत जुनीच निघते, कारण मूळ नोंद बदललेली नसते. येथेही नेमके तेच घडते. सीपॅनेलच्या फाइलच्या माथ्यावर तशी सूचनाही असते, पण घाईत आपण ती वाचत नाही.

म्हणून ओळी पुन्हा लिहिण्याआधी फाइल कोणी लिहिली ते शोधावे. ‘स्टॅट’ आज्ञेने फाइल बदलल्याची वेळ पाहावी आणि त्या मिनिटाला पॅनेलमध्ये काय झाले ते ताडून पाहावे. माझ्या बाबतीत ती वेळ एका सहकाऱ्याने नवे सबडोमेन (संकेतस्थळाच्या नावाखालचा उपपत्ता) जोडल्याच्या वेळेशी तंतोतंत जुळली. वेळेवरून उलगडा होत नसेल तर ऑडिटडी ही सेवा लावावी. कोणत्या प्रोग्रामने लिहिले आणि मुळात कोणी लॉगिन केले होते, हे दोन्ही ती नोंदवते. मात्र पाळत एकट्या फाइलवर न ठेवता तिच्या फोल्डरवर ठेवावी, कारण बरीच साधने आधी तात्पुरती फाइल लिहून मग तिला मूळ नाव देतात.

यानंतर आपल्या ओळी पॅनेलने राखून ठेवलेल्या जागी न्याव्यात. सीपॅनेलमध्ये ‘यूजरडेटा’ फोल्डरखाली प्रत्येक खात्याच्या प्रत्येक डोमेनसाठी स्वतंत्र फाइल ठेवता येते. तेथे साध्या एचटीटीपीसाठी ‘एसटीडी’ आणि सुरक्षित एचटीटीपीएससाठी ‘एसएसएल’ असे दोन भाग असतात. फक्त पहिल्यात लिहिल्यास एचटीटीपीएसने येणाऱ्यांना बदल दिसत नाही आणि दोष भलतीकडे शोधण्यात वेळ जातो. प्लेस्कमध्ये याच कामासाठी डोमेनच्या सेटिंगमध्ये अपाचे व एनजिनएक्स (दुसरा एक वेब सर्व्हर) यांच्या अतिरिक्त निर्देशांचा रकाना आहे. संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल, तर एचटीअ‍ॅक्सेस या फोल्डरपुरत्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘बिगिन वर्डप्रेस’ आणि ‘एंड वर्डप्रेस’ या खुणांमधला मजकूर वर्डप्रेस स्वतः लिहिते, म्हणून आपल्या ओळी त्या खुणांच्या बाहेर ठेवाव्यात.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. ओळी नव्या जागी ठेवल्यावर पॅनेलची ‘रीबिल्ड’ (फाइल नव्याने बनवण्याची) आज्ञा आपणच चालवावी, ‘कॉन्फिगटेस्ट’ने रचना तपासावी, सर्व्हर पुन्हा सुरू करावा आणि पान उघडून पाहावे. आपल्या हाताने फाइल नव्याने बनवूनही बदल टिकला, तरच तो योग्य जागी आहे असे समजावे. आपल्याकडे वीज आणि इंटरनेट केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे ही कामे ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ या सर्व्हरवरच सत्र चालू ठेवणाऱ्या साधनांत करावीत, म्हणजे जोडणी मध्येच तुटली तरी आज्ञा सर्व्हरवर पूर्ण होते.

‘चॅटर’ आज्ञेने फाइल कुलूपबंद करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मानू नये, कारण मग पॅनेलला लिहिता येत नाही आणि नवे डोमेन किंवा नवे प्रमाणपत्र अर्धवट अडकून राहते.

सर्व्हरवर ‘ईटीसीकीपर’ बसवावे. ते ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरचा इतिहास गिटमध्ये, म्हणजे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवते, त्यामुळे कोणती ओळ कधी गेली हे लगेच सापडते. त्या फोल्डरमध्ये खासगी किल्ल्या आणि पासवर्डही असतात, म्हणून हा साठा कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी चढवू नये.